पंकजाच्या चाकाखालची लिंबं

पारनेर,
सोमवार

आदरणीय सूर्यभान दाजींच्या सेवेशी,

मेव्हणा बजरंगचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही खुशाल, तिकडे तुमचंही बरं चाललं असेल. तुमचा खोकला कमी झाला का? आक्काचा गुडघा काय म्हणतो? काळी गाय व्यायली का, आणि कालवड झाली की गोऱ्हा, तेही कळवा. पत्र बघून तुम्ही म्हणाल, खिशात मोबाईल असताना या बाबाला ही काय दुर्बुद्धी सुचली. पण दाजी, फोनवर मी 'गाडी' म्हणालो की तुम्ही 'रेंज न्हाई' म्हणून फोन ठेवता (टॉवर तुमच्याच बांधाला आहे, हे अख्ख्या पाथर्डी तालुक्याला ठाऊक आहे). पत्राला तसं करता येत नाही. पुढं काय लिहिलंय ही हुरहूर माणसाला खालपर्यंत घेऊन जाते.

तर तुम्ही मला काम सांगितलं होतं की, रविवारी नगरला जा, आपल्या पंकजाच्या कॉलेजची ती मोटारींची शर्यत उरकली की तिला बॅगेसकट घरी घेऊन ये, पोरीच्या जातीला गाडी पळवणं आता बास. तमिळनाडूतल्या मोठ्या शर्यतीचं तर नावच काढू नको. मी 'बरं' म्हणालो. तुमच्यापुढं मी 'बरं' सोडून दुसरं काही म्हणालो असेन तर मला आठवत नाही. मग तुम्ही घरात गेलात, परत बाहेर आलात, आणि धोतराच्या फडक्यात बांधलेली विहिरीवरची लिंबं माझ्या हातात कोंबलीत. 'गाडी कुनाची का असंना, मोकळ्या चाकानं जाऊ नये. मी दिली म्हनून तिला सांगू नको,' असं म्हणालात. या लिंबांवरच सगळं रामायण घडलं, म्हणून आठवण दिली.

माझ्याबरोबर आमचा रंगनाथ होता. फ्लेक्स छापणारा. आम्ही दोघं रविवारी संध्याकाळी चहाच्या हॉटेलात त्याच्या मोबाईलवर परदेशातल्या मोटारींच्या शर्यती बघतो, आणि बाकीचे कांद्याच्या भावावर भांडतात तसे आम्ही टायरवर भांडतो. रंगनाथचं म्हणणं, शर्यत ड्रायव्हर जिंकतो. मी म्हणतो, चाकं बदलणारी पोरं जिंकतात. (मी मंडपवाला आहे. लग्नात नवरदेवाचं कौतुक सगळे करतात, डोक्यावरचं छत कुणी बांधलं हे कुणी विचारत नाही. म्हणून मला त्या पोरांचा कळवळा.) या वादात आम्ही सुप्यापर्यंत एकमेकांशी बोलत होतो, सुप्यापासून नगरपर्यंत बोलत नव्हतो.

मैदान नगरच्या बाहेर, एका कंपनीचं. प्रत्येक कॉलेजला चाकं बदलायला एकेक मांडव दिलेला. मांडव बघूनच माझं डोकं फिरलं. वाऱ्याच्या बाजूला एकही ताणाची दोरी नाही! आणि नगरचा वारा तुम्हाला माहीत आहे. मी पोहोचलो तेव्हा पंकजाच्या कॉलेजचा मांडव उडायच्या बेतात होता आणि चार इंजिनिअर त्याला लोंबकळत होते. मी दोऱ्या घेतल्या आणि आवळून टाकला. पोरं इतकी खूश झाली की मला त्यांचं केशरी जाकीट घातलं. त्यामुळं मला आत थांबायची परवानगी मिळाली, आणि रंगनाथ दोरीबाहेर राहिला. तो अजून धुसफुसतोय.

गाडी सांगायची तर जमिनीपासून चार बोटं वर. पंकजा आत बसली की फक्त हेल्मेट दिसतं. आणि आवाज? आवाजच न्हाई! बॅटरीवरची गाडी. लांबच्या घरात कुणी मिक्सर लावावा तेवढीच काय ती गुरगुर. आपला ट्रॅक्टर चालू झाला की शेजारच्या गावाला कळतं; इथं गाडी अंगावर येईपर्यंत पत्ता नाही. शेजारच्या कॉलेजची तर फजितीच झाली. त्यांची गाडी चाकं बदलायला मांडवात येऊन उभी राहिली आणि सगळी पोरं पाठ करून भेळ खात होती. ड्रायव्हर आतून ओरडतोय, हेल्मेटमधून आवाज बाहेर येत नाही. शेवटी त्यानं हात लांबवून जमिनीवर पडलेला चाकाचा पाना उचलला आणि भेळेवर फेकला, तेव्हा कुठं धावपळ झाली. त्यातही एकानं घाईत काढलेलंच चाक परत बसवलं. मी हसलो, ते मला लवकरच महागात पडलं.

पण दाजी, तुमची पोरगी! अहो, काय सांगू! तुम्ही यात्रेत उलटी ट्रॉली पळवायच्या स्पर्धेत मान डाव्या खांद्यावर टाकून मागं बघायचा ना, आणि लोक म्हणायचे सूर्यभानला मानेत डोळा आहे, अगदी तश्शी मान ती वळणावर टाकते. एवढंसं हेल्मेट, पण लांबून ओळखू येत होतं की हे कुणाचं बी आहे. बाकीची पोरं वळणावर कचरत होती, ही आत शिरत होती. निम्मी शर्यत होईतो ती सगळ्यांच्या पुढं होती. रंगनाथ दोरीबाहेरून 'आपली भाची! आपली भाची!' म्हणून ओरडत होता (त्याचा तिचा काय संबंध, पण मीही त्याच्याबरोबर ओरडायला लागलो).

सुरुवातीला चारी चाकांखाली लिंबं ठेवली, गाडी वरून गेली, तिथवर ठीक. पंच हसले, सोडून दिलं. पण त्यांचा नियम असा की मधे एकदा थांबून पुढची दोन चाकं बदलायची. पंकजा आली, गाडी जॅकवर उचलली, जुनी चाकं निघाली, नवी बसली, हे सगळं आपण तंबाखू मळायला घ्यावी तेवढ्यात. आणि माझ्या मनात आलं, अरे, ही तर नवी चाकं! बिनलिंबाची निघाली! आपल्या घरातनं साधी चारचाकी हातगाडी अशी गेलेली नाही. फडक्यात लिंबं उरली होती. मी वाकलो आणि सरकवली.

जॅक खाली आला, पोरीनं पाय दाबला. ही विजेची गाडी, दम घेत नाही, एकदम उसळी मारते. एक लिंबू चाकाखाली पिचकलं आणि चाक फिरलं जागच्या जागी. गाडी तिरकी झाली. तिनं मान टाकून सावरली आणि निघून गेली. दुसरं लिंबू न फुटता सुटलं ते थेट मुख्य पंचबाईंच्या पांढऱ्या टोपीवर. बाई पुण्याच्या. टोपी काढली, झटकली, लिंबू उचलून प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि म्हणाल्या, 'हे नियमात बसत नाही. नियमात लिंबाचा उल्लेखच नाही, पण तरी बसत नाही.' झाली शिक्षा! पंकजाला पुन्हा एकदा मांडवांसमोरून बैलगाडीच्या चालीनं जावं लागलं. पहिली होती ती पाचवी झाली. मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. जाकीट काढून घडी घालून ठेवलं.

आणि मग तिनं जे केलं ते बघायला तुम्ही हवे होतात. चौथा गाठला, तिसरा गाठला, शेवटच्या वळणावर दुसऱ्याच्या आतून अशी शिरली की रंगनाथनं दोरीच सोडवली. पहिल्याच्या मागं एका गाडीएवढ्या अंतरानं राहिली. दुसरा नंबर! पण तमिळनाडूला पहिले दोन्ही नंबर जाणार, असं तिथंच जाहीर झालं. रंगनाथ म्हणाला, 'ड्रायव्हर जिंकतो, पटलं का?' मी म्हणालो, पटलं. चाकवाल्यांमुळं हरता येतं, एवढं मात्र मी सिद्ध केलं.

शर्यत झाल्यावर पंचबाई पिशवी घेऊन मांडवात आल्या. ही लिंबं कुणाची, म्हणून विचारलं. सगळी पोरं माझ्याकडं बघायला लागली. मी पुढं होणार, तेवढ्यात पंकजाच बोलली. काय बोलली ते खाली लिहितो, इथं लिहवत नाही.

मग ती बॅग घेऊनच माझ्यासमोर आली. भरून तयार ठेवली होती. 'आप्पांना शब्द दिलाय मामा, चला,' म्हणाली. तोंडावर हेल्मेटचे वळ, बक्षिसाचा कप रंगनाथच्या हातात, आणि पोरगी घरी निघाली. एक अक्षर कुरकुर नाही. दाजी, तुम्ही सांगितलेलं काम मी केलंच समजा.

आक्काला नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक,
बजरंग

ता. क. केलंच समजा म्हणालो, कारण निम्मं केलंय. बॅगेसकट आणायला सांगितलं होतं. बॅग आणली. ती माझ्या दुकानात गाद्यांच्या ढिगावर सुखरूप आहे. पोरीला होस्टेलवर सोडून आलो. तुमच्यापुढं 'बरं' सोडून दुसरं म्हणायची ही पहिलीच वेळ, सांभाळून घ्या. तिचे कपडे सगळे बॅगेत आहेत, तेव्हा तुम्हीच पारनेरला या, बॅग उचला आणि नगरला तिच्या हातात नेऊन द्या. मी नेणार नाही.

दुसरी ता. क. तुमचं नाव मी सांगितलं नाही, आक्काची शपथ. पण पिशवीतलं ते जाड सालीचं लिंबू पोरीनं बघितलं आणि ओळखलं. मग पंचबाईंना म्हणाली, 'माझ्या आप्पांची. ते आले नाहीत ना, म्हणून लिंबं आलीत.' बाईंनी पिशवी तिच्या हातात दिली. शिक्षा मागं घेतली नाही, पण टोपी परत घालताना डोळे पुसले, ते मी बघितलं. लिंबू पंकजानं स्वतःजवळ ठेवलंय. तमिळनाडूला नेणार आहे म्हणे, आप्पांनी मला सोडलं नाही तर निदान लिंबू तरी दुसऱ्या कुणाबरोबर पाठवीन म्हणाली.

तिसरी ता. क. येताना विहिरीवरची ताजी लिंबं आणा. या वेळी तुमच्या हातानं ठेवा.