जोडपत्र क्रमांक अकरा

ती. ताईस धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. दाजींची तब्येत कशी आहे ते कळव. तुझ्या गुडघ्याबद्दल मात्र उत्तरात चकार शब्द लिहू नकोस. का, ते पुढे येईल.

तुझ्या भाचीला तुमच्या शहरातल्या ग्रंथालयात जुनी पुस्तकं दुरुस्त करायला शिकवणारा सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग मिळाला, हे तुला माहीतच आहे. राहणार तुझ्याकडे. प्रश्न राहिला व्हिसाचा. मी घरात असताना (तीस वर्षं कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज भरतोय) तो पडायलाच नको होता. पण तुमच्या देशाचे व्हिसे तीन: विद्यार्थ्याचा, पाहुण्याचा आणि कामाचा. मी म्हटलं, शिकायला चालली, तर विद्यार्थ्याचा. ही म्हणाली, आत्याकडे चालली, तर पाहुण्याचा. दोन दिवस आम्ही नवराबायको लेकीमार्फत बोलत होतो. शेवटी लेकीनेच नियम वाचून दाखवला. वर्ग तीन महिन्यांच्या आतला असेल तर पाहुण्याचाच व्हिसा लागतो. (नियम वाचायची सवय तिला कुठून लागली कोण जाणे, आपल्या घराण्यात नाही.)

अर्ज मी भरला. एकही रकाना मोकळा सोडला नाही. जोडपत्रांशिवाय अर्जाला वजन येत नाही, हे माझं मत तू जाणतेसच. लसीच्या कार्डापासून तिसरीतल्या सुंदर हस्ताक्षराच्या प्रशस्तिपत्रापर्यंत दहा कागद जोडले. अकरावं तुझं पत्र, भाषांतर करून, शिक्का मारून. किती मायेनं लिहिलं होतंस तू. पोरगी आली की माझ्या गुडघ्याला सुट्टी, स्वयंपाकाचं तीच बघेल, दुपारी दाजींच्या दुकानातही बसेल.

व्हिसा कचेरीत काचेपलीकडच्या बाईंनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, की तुम्ही पाहुण्या म्हणून चालला आहात की नोकरीवर? लेक खरं बोलणारी. म्हणाली, वर्ग सुटल्यावर भाज्या चिरीन. बाई बराच वेळ काहीतरी लिहीत राहिल्या. आता आठ दिवसांत तुझं नवं पत्र पोचलं नाही तर व्हिसा नाही, आणि वर्गातली जागा दुसऱ्याला जाईल. परतताना बसमध्ये लेकीने मला खिडकीची जागा दिली आणि स्वतः पुढे ड्रायव्हरमागे जाऊन बसली. इतकं रागावलेलं तिला मी कधी पाहिलं नाही.

तेव्हा हे पत्र कुरियरने पाठवतोय, तूही कुरियरनेच ताबडतोब कोरडं पत्र पाठव. भाची येणार, बसून खाणार, कशालाही हात लावणार नाही, इतकंच. माया अजिबात नको.

तुझा,
धाकटा

ता. क. लेकीने तुझं पत्र फायलीतून काढून ठेवलं होतं. ती पाणी प्यायला गेली तेव्हा मी ते परत घातलं. घरी मात्र सांगितलंय, की ताईचाच आग्रह होता. लेकीचा फोन आला तर तेवढं तुझ्या अंगावर घे.

आणखी एक. एकही रकाना मोकळा सोडला नाही, हे खोटं. 'अर्जदार परत येईल याचा पुरावा' यापुढे मी अर्धा तास पेन धरून बसलो होतो. काही सुचेना. मग तुझं पत्र आत घातलं. व्हिसा अडकला तर अडकू दे, असं क्षणभर मनात आलं होतं, ताई. तो रकाना नंतर लेकीने भरला. 'घरी बाबा आहेत.' मी ते काचेसमोर बसल्यावर वाचलं.

पत्र आजच टाक. आणि सहा आठवडे झाले की गुडघा दुखत असला तरी तिला विमानात बसवायला तू स्वतः जा.