समोरच्याला लागेल

३ ऑक्टोबर, गुरुवार

मला ती दिसली नाही. हे पोलिसांना सांगायला हवं होतं. इथे लिहिते आहे.

दुपारचे दोन. शाळेतून परत येताना बेकरीजवळचा चढ. आमच्या सल्त गावात सगळेच चढ, पण हा शेवटच्या दहा हातांत उभा होतो. गाडीचं नाक वर जातं आणि रस्ता नाहीसा होतो. बॉनेट, त्यावर आभाळ, मशिदीचा मिनार. रोज असंच असतं. रोज मी तिथे जरा जोर देते, वर येते, रस्ता पुन्हा दिसतो. आजही जोर दिला. धक्का फारसा बसला नाही. वाटलं, खड्डा.

उतरले तेव्हा कळलं. पांढरी लहान गाडी, समोरून आडवी जात होती. माझ्या गाडीचं नाक तिच्या दारातून आत गेलेलं. आत एक बाई. साधारण माझ्याच वयाची.

वेग वीससुद्धा नसेल.

बेकरीतल्या दोघांनी तिला पलीकडच्या दारातून बाहेर काढलं, रस्त्यावर निजवलं. मी माझ्या सीटवरची उशी काढून तिच्या डोक्याखाली दिली. तिचा हात धरला. ती माझ्याकडे बघत होती. 

मग फवाझ आला. माझा धाकटा दीर. पाण्याचा टँकर चालवतो, खालच्या गल्लीत पाणी देत होता. त्यानं एकदा सगळं बघितलं.

"वहिनी, किल्ली."

दिली.

"घरी जा. मी चालवत होतो."

तो गाडीत चढला आणि त्यानं सीट मागे सरकवली. मी बुटकी, सीट कायम पुढे ओढलेली असते, खाली उशी. सीट मागे गेल्याचा आवाज मी ऐकला. मग गर्दीत शिरले आणि घरी आले. या सगळ्याला दोन मिनिटं लागली नसतील.

बेकरीवाल्यांनी बघितलं आहे. ते बोलणार नाहीत. बाईचं नाव मध्ये आलं की इथे कोणी बोलत नाही.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

तिचं नाव इंतिसार. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना इंजेक्शनं देते. लग्न झालेलं नाही. डावा पाय, कंबरेचं हाड, चार बरगड्या. वडील अबू ईद, दगड घडवायचे, आता थकले. समोरच्या टेकडीवर राहतात. आमच्या गच्चीवरून त्यांचं घर दिसतं. हे आजवर माहीत नव्हतं.

सकाळी आमच्याकडचे पंचवीस पुरुष त्यांच्याकडे गेले. पुढे चुलतसासरे, अबू निमर. काय झालं ते नवऱ्यानं, रकाननं, येऊन सांगितलं. अबू निमरपुढे कॉफी आली. त्यांनी हात लावला नाही. म्हणाले, "अबू ईद, आमचा मुलगा चुकला, आम्ही कबूल करतो. तुमच्याकडून मुदत मागायला आलो आहोत. ती मिळेपर्यंत ही कॉफी आम्हाला नको."

अबू ईदनी त्या पेल्याकडे बघितलं. मग म्हणाले, "घ्या." सगळ्यांनी कॉफी घेतली. चौदा दिवसांची मुदत मिळाली, म्हणजे अतवा. तोवर त्यांच्या बाजूचं कोणी आमच्या कोणाच्या अंगावर येणार नाही. फवाझ कोठडीत.

याला कबुलीचा अतवा म्हणतात. कबुली दिली ती फवाझच्या नावानं.

सासूबाई म्हणाल्या, "बाईमाणसानं ठाण्यात बसायचं? हवालदारांची तोंडं बघत? फवाझ पुरुषगडी आहे. पंधरा दिवस झोपा काढील."

मला बरं वाटलं. हे नीट लिहून ठेवते — मला बरं वाटलं.

५ ऑक्टोबर, शनिवार

ती जगेल. भातात दोनदा मीठ घातलं.

६ ऑक्टोबर, रविवार

शाळा. अकरावीला विलापिका शिकवायची होती. मुलींना व्याकरण काढायला लावलं.

शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना बातमी होती. भूगोलाची अबीर म्हणाली, "तुझ्या दिराला खरचटलंसुद्धा नाही म्हणे. बघ, मोठी गाडी. तूच सांगत होतीस ना?"

मीच सांगत होते. दोन वर्षांपूर्वी आमच्या जुन्या लहान गाडीला मागून एक ट्रक घासला. आमची मुलगी जूद मागे बसलेली होती. तिला काही झालं नाही, पण रकाननं महिनाभरात ही गाडी आणली. किल्ली हातात देताना हसत म्हणाला, "आता लागलं तर समोरच्याला लागेल." मीही हसले. पुढे तेच वाक्य या खोलीत कितीदा म्हणून दाखवलं असेल. अबीरनं मागच्या उन्हाळ्यात तसलीच गाडी घेतली.

आणखी एक. मला ती गाडी आवडायची. मागून जवळ गेलं की लहान गाड्या आपोआप बाजूला व्हायच्या. मी हॉर्नसुद्धा वाजवत नसे. त्याला मी माझा सभ्यपणा समजत होते.

८ ऑक्टोबर, मंगळवार

कागदांसाठी रकानबरोबर ठाण्याच्या आवारात गेले. मी त्याच्या गाडीतच थांबायचं ठरलं होतं. उतरले.

दोन्ही गाड्या शेजारी उभ्या आहेत. माझ्या गाडीची नंबरप्लेट वाकली आहे. एवढंच. तिची बघवत नाही.

हवालदार वयस्कर होता. मी कोण ते त्यानं विचारलं नाही. आपणहून दाखवू लागला. "हे बघा. दाराच्या आत लोखंडी पट्टी असते, इथे, खाली. लहान गाडीची टक्कर असती तर धक्का या पट्टीवर आला असता. हिचं नाक पट्टीच्या वरून गेलं. वर नुसता पत्रा आणि काच. आणि पोरीची छाती."

"वेग फार होता का?" मी विचारलं. कशाला विचारलं कोण जाणे.

"वेग नव्हताच. लहानीला लहान लागली की दोघी चेपतात. इथे एकच चेपली आहे."

तो गेल्यावर मी माझ्या गाडीपुढे उभी राहिले. बॉनेट माझ्या छातीला लागतं. दोन वर्षं चालवते आहे. पुढे कधी उभी राहिले नव्हते.

परतताना रकानशी बोलले.

"चूक माणसाची असते, रुदैना. गाडीची कसली?"

"लहान गाडीत असते तर ती मला दिसली असती."

"आणि बस असती तर? बसगाड्या बंद करायच्या का?"

"बसमध्ये चाळीस माणसं असतात. मी एकटी होते. एकटी आणि एक बटाट्याची पिशवी."

"तू चालवत नव्हतीस," रकान म्हणाला. समोर बघत, शांतपणे. जणू मी विसरले होते.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

रकान आणि अबू निमर अबू ईदना भेटून आले. रकान बूट काढता काढता बोलला, वर न बघता.

"ते एका बाईला शोधताहेत. अपघातानंतर कोणीतरी इंतिसारच्या डोक्याखाली उशी दिली म्हणे. तिचा हात धरून बसली होती. इंतिसारच्या आईला, उम्म ईदना, त्या बाईच्या घरी जायचं आहे, आभार मानायला. आम्हालाच सांगितलं, शोधा म्हणून."

"तुम्ही काय म्हणालात?"

"शोधू म्हणालो."

"उशी बघितलीस?" मी विचारलं.

"बघितली." मग बूट बाजूला ठेवत, "आईनं भरलेली आहे. लाल दोऱ्याची."

सासूबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी ऐकलं. भाकरी उलटली.

१३ ऑक्टोबर, रविवार

इस्पितळात गेले. एकटी. उम्म ईद दारातच भेटल्या. फवाझची वहिनी म्हटल्यावर त्यांनी मला जवळ घेतलं. मला. आत नेऊन इंतिसारला म्हणाल्या, "बघ, त्यांच्याकडून आली आहे."

इंतिसारनं बघितलं. "आई, हिला चहा आण ना."

आई गेली.

"उशी त्या पिशवीत आहे," ती म्हणाली. "आईनं धुतली. डाग राहिला थोडा."

मी खाली बघत होते.

"मी तुझ्या काचेकडे बघत होते. काचेत कोणीच नव्हतं. मग एक कपाळ वर आलं. मला वाटलं, पोर चालवतं आहे." ती हसायला लागली आणि बरगडीला हात लावून थांबली. "हसवू नकोस."

"मग घरी का नाही सांगितलंस?"

"मी खोटं काही बोलले नाही. बाई होती, म्हटलं. उशी दिली, म्हटलं. हात धरला, म्हटलं. पुढचं तुझं."

"तू वाट बघत होतीस?"

"झोपूनच आहे. दुसरं काय करू?"

मी तिला सांगायचं ठरवून गेले होते. तिला तर माहीतच होतं. मग सांगण्यासारखं काही उरलंच नाही असं मला वाटलं. तसं वाटणं किती सोयीचं होतं!

"बाबांनी माझ्यासाठी गाडी ठरवली आहे," ती म्हणाली. "तुझ्याएवढी. त्यांना कुठून सुचलं देव जाणे. म्हणतात, आता लागलं तर समोरच्याला लागेल."

उम्म ईद चहा घेऊन आल्या. "घे ग पोरी. तुमचा फवाझ मनानं चांगला आहे म्हणतात. चूक कोणाकडून होत नाही?"

मी चहा घेतला. सगळा.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

उशी कपाटात वर ठेवली. जूद विचारत होती, "शाळेत आता टॅक्सीनं का जातेस?"

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

आज समेट झाला. शुक्रवारच्या नमाजानंतर पुन्हा तेच पंचवीस जण गेले. पुन्हा कॉफी पुढे आली, पुन्हा अबू निमरनी हात लावला नाही.

अबू ईद म्हणाले, "पैसा नको. पोर वाचली, तेच पुष्कळ. एकच अट. फवाझनं या गावात पुन्हा गाडी चालवू नये. टँकरही नाही. ज्याला एवढी गाडी दिसत नाही, त्याला मी माझ्या नातवंडांच्या रस्त्यावर बघू शकत नाही."

अबू निमरनी शब्द दिला. सगळ्यांसमोर. मग कॉफी घेतली.

संध्याकाळी फवाझ सुटून आला. दाढी वाढलेली. सासूबाईंनी त्याच्यासाठी मटणभाताचा मन्सफ केला होता, तो तीनदा वाढून घेतला. मला म्हणाला, "वहिनी, पडून पडून पाठ धरली. बाकी राजासारखा होतो." अटीचं कोणी काढलं तर म्हणाला, "गाढवावरून पाणी देईन. गाढवाला सगळं दिसतं."

सगळे हसले. नंतर तो स्वयंपाकघरात आला आणि टँकरची किल्ली खिळ्याला अडकवली. अकरा वर्षं तो टँकर चालवतो आहे. त्याच्या हातून साधं कोणाचं कुंडंसुद्धा फुटलेलं नाही.

किल्ली तिथे आहे. चहाच्या डब्याच्या वर. चहा करताना डोळ्यांपुढे येते.

१९ ऑक्टोबर, शनिवार

रकानला म्हटलं, मी सांगणार.

"कोणाला?"

"अबू ईदना. मग पोलिसांना."

"अबू निमरनी शब्द दिला आहे. पंचवीस माणसं मागे बसली होती. त्या सगळ्यांना खोटं पाडणार?"

"ते खोटंच आहे."

"त्यांना माहीत नाही ना. त्यांनी खरं मानून दिला." मग हळू आवाजात, "फवाझचीही अडचण होईल. पोलिसांना खोटं सांगितलं म्हणून."

हे मला सुचलं नव्हतं. किंवा सुचू दिलं नव्हतं. अंगणात गेले. फवाझ रिकाम्या टँकरची काच पुसत होता. त्याला विचारलं.

त्यानं फडकं पिळलं. "वहिनी, तुम्हाला किल्ली मागितली ती मी. तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी काय करणार होतो?"

"मी नाही म्हणाले नाही."

"नाही म्हणाला नाहीत," तो म्हणाला. पहिल्यांदाच हसला नाही. "जा. कोठडीची गादी चांगली आहे, मी वापरली आहे."

२२ ऑक्टोबर, मंगळवार

गेले. चालत, टेकडी उतरून, टेकडी चढून. दारात नवी गाडी उभी होती, माझ्यापेक्षा उंच. सीटवरचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं.

अबू ईदनी कॉफी पुढे ठेवली. मी हात लावला नाही. सगळं सांगितलं, आणि फवाझच्या नावानं दिलेला शब्द परत मागितला. उम्म ईद उठून आत गेल्या. "घे" कोणी म्हटलं नाही. कॉफी निवली.

मग अबू ईदनी विचारलं, "दिसलीच नाही?"

"नाही."

ते बाहेर गेले. मीही गेले. "गाडीपुढे उभी राहा," म्हणाले, आणि दाराला धरून धरून वर चढून बसले. गाडी सुरू केली नाही. काचेतून बघत राहिले.

"तिची गाडी केवढी होती?"

मी तिथेच, दगडांवर, तिच्या गाडीएवढी होऊन खाली बसले.

आता मला काच दिसत नव्हती, नुसतं बॉनेट. मग त्यांचा आवाज आला.

"पोरी, आहेस का तिथे?"