पंख्याची पिन

आप्पा, वरवंडच्या दुकानाचं शटर काल मी शेवटचं ओढलं. आता तिथं मोबाइलचं दुकान होणार आहे. तुमचं मोटरींच्या वायंडिंगचं मशीन, वार्निशचे डबे, जळक्या तारांची गाठोडी सगळं भंगारात घातलं, आणि कपाटामागं तो तांब्याचा चौकोनी डबा सापडला. जुन्या बंबाचा पत्रा कापून माझ्यासाठी केलेला. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. डबा बघून मला रडू आलं नाही, राग आला. तुमचाच आला. तुम्ही त्या दिवशी तोंड उघडलं असतंत तर मी एकदाच हरले असते आणि मोकळी झाले असते.

आपल्या दुकानाचा एक रिवाज होता. ज्याच्या हातनं मोटर जळली, त्यानंच मालकाला तोंडावर सांगायचं. बारावीत असताना मी एकाच्या विहिरीवरच्या मोटरीचं कनेक्शन उलटं जोडलं आणि वायंडिंग जाळलं. त्याचा कांदा पाण्यावर आलेला, पाणी चुकलं की वाळणार. तुम्ही मला त्याच्यापुढं उभं केलंत आणि स्वतः स्टुलावर बसून राहिलात. त्यानं आईवरून शिव्या दिल्या. तुम्ही मधे पडला नाहीत. तो गेल्यावर एवढंच म्हणालात, "झालं. आता निवांत झोप लागंल तुला." आणि खरंच लागली. म्हणजे रिवाज मला माहीत नव्हता असं म्हणायची सोय तुम्ही ठेवली नाहीत.

मग दौंडच्या कॉम्प्युटर क्लासात मी शिकवायला लागले आणि शिरूरच्या कॉलेजातल्या त्या स्पर्धेचा कागद घरी घेऊन आले. कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगाच्या वर कॉम्प्युटर पळवायचा, आणि त्यानं बंद न पडता दिलेलं गणित पुरं करायचं. ज्याचा सगळ्यात जोरात पळेल तो जिंकला. तुम्ही चष्मा पुसत ऐकलंत. "म्हंजी पाच एचपीच्या मोटरीकून साडेसातचं काम घ्याचं. तापंल की." तापतोच म्हटलं, म्हणून तर गार ठेवायचा. नवख्यांच्या गटात पहिल्या येणाऱ्याला पुण्यात नोकरी होती. नाही आले तर दिवाळीनंतर न्हावऱ्याचं स्थळ पक्कं होतं, आणि ते मला नको होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही बंब कापायला घेतलात.

चौफुल्यावरून शिरूरची एसटी. कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून माझ्या मांडीवर, आणि बर्फ लाकडाच्या भुशात घालून दुधाच्या कॅनमध्ये, तुमच्या पायांत. हॉलमध्ये सगळी पुण्याची मुलं, इस्त्रीच्या शर्टातली. तुमच्या बंडीला वार्निशचा वास येतोय आणि मला त्याची लाज वाटतेय. बर्फाचा डबा पंख्यापुढं ठेवायचा, म्हणजे गार वारा प्रोसेसरवर जाईल, एवढीच आपली युक्ती. मशीन बंद करून आपण डबा बसवतोय. पंख्याची वायर आड येतेय. मशीन परत चालू होतं, आकडे पळायला लागतात, मी वेग एक घर वाढवते. तुम्ही प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमला तळहात लावता. मोटर तापली का ते तुम्ही जन्मभर असंच बघत आलात.

"सोसंना हाताला. थांबव, पोरी."

"गप बसा जरा," मी म्हणते आणि आणखी एक घर वाढवते. स्क्रीन काळा होतो.

परीक्षक वाकून बघतात. "पंख्याची पिन निघालीय. कोणी काढली?" नियम त्यांनी सकाळीच सांगितला होता. स्पर्धकाची चूक असेल तर बाद. बाहेरच्याचा हात लागला असेल तर एक संधी परत, पण त्या माणसानं हॉल सोडायचा.

मी तुमच्याकडं बोट केलं. "यांनी," मी म्हणाले, अगदी पुण्याच्या भाषेत. "किती वेळा सांगितलं, ही मोटर नाही, दिसेल तिथं हात घालू नका." मुलं हसली. तुम्ही तुमच्या हाताकडं बघितलंत, काळ्या नखांच्या. मग परीक्षकांना म्हणालात, "व्हय सायेब. माझाच लागला आसंल." आणि कॅन उचलून बाहेर गेलात. मी पिन लावली, एक घर खाली आले आणि पहिली आले. गेटपाशी तुम्ही उन्हात उकिडवे बसला होतात. बर्फाचं पाणी झालं होतं, त्यानं तोंड धुतलंत आणि मला म्हणालात, "चल. शेवटची गाडी चुकंल."

त्यानंतर ती गोष्ट तुम्हीच सांगत सुटलात. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला. "माझ्या हातनं घोटाळा झाला, पर पोरीनं निभावलं." मीही हसायचे. गिऱ्हाइकं तुमची चेष्टा करायला लागली, आप्पा, मोटर दुरुस्त करा पण हात लावू नका. तेव्हाही हसायचे. माझा मुलगा झाला तेव्हा तुम्ही पुण्याच्या दवाखान्यात साबणानं दोनदा हात धुऊन आलात आणि पाळण्यापाशी थांबून विचारलंत, "लावू का हात?" मी हो म्हणाले. त्याहून जास्त काही म्हणाले नाही.

पिन मी काढली होती. वायर आड येत होती म्हणून काढली आणि परत लावायची विसरले. स्क्रीन काळा झाला त्याच क्षणी मला आठवलं, परीक्षकांनी विचारायच्याही आधी. आणि तुम्हालाही माहीत होतं, कारण मी पिन काढली तेव्हा बर्फाचा डबा तुम्ही धरला होतात, दोन्ही हातांनी. रिवाज तुम्ही एकदाच मोडलात, तो माझ्यासाठी, आणि मी तुम्हाला तो मोडू दिला. मालकाला तोंडावर सांगायचं असतं. तोंड आता नाही.

हा कागद डब्यात घालून ठेवते. आईला वाचून दाखवणार नाही. ती अजून पाहुण्यांना तुमच्या हाताची गोष्ट सांगते. गेल्या रविवारीही सांगितली, आणि मी हसले.