सहा व्हॉल्व्ह आणि पासलीची इर्जिक

१४ जून
सगळं फिरलं ते काल, पासलीत, शीतलच्या ओट्यावर. खताची गोणी पोचवायचं निमित्त. खरं म्हणजे ती दिसावी म्हणून. भोरला कॉलेजात माझ्या पुढच्या बाकावर असायची. मी सोडलं, ती शिकतेय. तिचे वडील, तात्या, इर्जिकीचं बोलत होते. ९ जुलैला सगळी भावकी त्यांच्या खाचरात राबायला, जेवण त्यांच्याकडं. मी मधेच, "चिखलणी माझ्याकडं. आज्याचा ट्रॅक्टर आणतो."
तात्या हसले. "कॉलेज अर्ध्यात टाकलंस. ह्ये तरी पुरं करशील का?"
शीतल दाराआड. तिनं ऐकलं. कान तापले माझे. बोलून बसलो, नाय आणला तर परत तुमच्या दारात पाय ठेवणार नाय.
आजा जाऊन सहा वर्षं. ट्रॅक्टर तेव्हापासून शेडात. इंजिन जाम.

१७ जून
अण्णा मिस्त्री आले, भोरहून एसटीनं. सत्तरीपार, हात थरथरतात. आज्याच्या काळी हे इंजिन त्यांनीच दोनदा बांधलेलं. आज खोललं. पाना माझा, शिव्या त्यांच्या. "दंडात जोर लई, बोटात अक्कल न्हाई." तीन पिस्टन, सहा व्हॉल्व्ह. प्रत्येकावर खडूनं नंबर, जिथला तिथंच बसायला हवा म्हणून. रिंगा नवीन टाकायच्या.

२० जून
वेल्ह्याहून पाना घेऊन विंझरला घरी आलो, तर अंगणात आई. सहाच्या सहा व्हॉल्व्ह राखेनं, काथ्यानं घासून सुपात वाळत. तांब्यापेल्यासारखे लखलखीत. नंबर एकावरही नाही.
"किती मळकं हुतं रं. म्हनलं पोराला तेवढीच मदत."
काय काय बोललो ते लिहवत नाही. सूप लाथाडलं. तिनं चिखलातून सगळे वेचले, पुन्हा धुतले. जेवली नाही. मी जेवलो.

२१ जून
मिस्त्रींना फोन. वाटलं आता खाल्ल्या शिव्या. तर हसतच सुटले. "मोठं तीन, बारकं तीन, तेवढं बघ. बाकी कुठलाबी कुठं बसव, पर बसंस्तोवर घास." रबरी कपाची दांडी व्हॉल्व्हला चिकटवायची, कडेला घासायची पेस्ट, दोन तळहातांत रवीसारखं फिरवायचं. मग वर डिझेल ओतायचं. गळलं की पुन्हा पहिल्यापासून.

२५ जून
दोन झाले. तिसरा गळतो. तळहाताला फोड. शीतलचा मेसेज, "तात्या विचारतायत, आवाज कधी ऐकवणार?" तात्या की तू, विचारलं. तिसरा अजून गळतो.

२६ जून
आई येऊन बसली. चौथा घेतला. ताक घुसळलेले हात. दुपारीच बसला तो. डिझेल ओतलं. थेंब नाही.
"माझा गळतुया का?"
"नाय."
"आन तुजा?"
माफी मागायची होती. तिसरा तिच्याकडं सरकवला फक्त.

४ जुलै
पिस्टन, रिंगा, हेड. मिस्त्री समोर. बोल्ट मधून कडेला, थोडे थोडे, तीन फेऱ्या. मला एका दमात आवळून टाकायचे होते. काठी बसली मनगटावर.

८ जुलै
चालू झाला!! आधी नुसता धूर, मग ठोका धरला. आई नाकाला पदर लावून हसतेय. शीतलला फोनवरून आवाज ऐकवला. "उद्या येशील ना रे?" म्हणाली. रे म्हणाली.
मिस्त्रींना सांगितलं, उद्या पासलीत चिखलणी. चहाचा कप त्यांच्या ओठाशीच थांबला.
"नव्या रिंगा हायत. पन्नास तास हलका फिरवायचा. पैल्याच दिशी चिखलात घातलास तर पिस्टन धरील, इंजिन पुन्ना जाम. मग मला बोलवू नगंस."
"आधी का नाय बोललात?"
"तू इर्जिकीचं कवा बोललास?"
खरंय. नव्हतोच बोललो.

९ जुलै
सकाळपासून सीटवर बसून आहे. किल्ली लावलेली. दोनदा फिरवली, दोनदा बंद केली. मिस्त्रीला काय कळतंय, म्हातारा झालाय. नाही, त्यालाच कळतंय.
तात्यांचा फोन. "चाळीस मानूस बांधावर हुबा हाय. निघाला का ट्रॅक्टर?"
"ट्रॅक्टर येत नाय, तात्या. मी येतोय."
नुसता मागचा गलका. मग, "बैलं जुपा रं." माझ्याशी नाही, तिथंच कुणाला तरी. फोन कट.
शीतल तिथंच असणार. ओटीवर, नाहीतर रोपांत.
इर्जिकीचं जेवण तिकडंच असतं, तरी आईनं भाकरी बांधली.
"कशाला?"
"न्हाई वाढलं म्हंजे?"
एसटी यायची वेळ झाली. किल्ली काढली. शेडचं दार ओढून कडी घालतो न् निघतो.