चेलोखालची चुंबळ

११ जाने., रवि.
आज परत घसरला. ऐन गज ओढताना चेलोच्या बुडाची सळई शहाबादी फरशीवरून सुळकन पुढे गेली आणि मी त्याला मिठी मारून निम्मी खुर्चीखाली. मॅडम हसल्या नाहीत. सर पलीकडे पोरांना व्हायोलिन शिकवत होते, तिथून म्हणाले, "वर्षाताई, धरा त्याला, जालन्याच्या गाडीत जाऊन बसेल!"
दोघा नवराबायकोंनी उभी हयात मुंबईच्या स्टुडिओंत वाजवण्यात घालवली आणि आता गावी येऊन बस स्टँडमागच्या माडीवर शिकवतात. देऊळगावराजाचं नशीब, दुसरं काय. व्हायोलिनला शाळेतली पोरं. चेलोला एकटी मी, लॅबमध्ये लोकांचं रक्त काढणारी, चाळिशी उलटलेली.
मॅडमचा नियम पुन्हा ऐकला. गजाच्या केसांना बोट लावायचं नाही, बोटाचं तेलही त्यांना सोसत नाही. फक्त राळ घासायची, तिच्यामुळेच केस तारेला धरतात.

२५ जाने., रवि.
चेलो घरी! मॅडमचा स्वतःचा. खांदा दुखावल्यापासून त्या वाजवत नाहीत, तर म्हणाल्या, घेऊन जा, नुसता पडून राहिला तर रुसतो. ऑटोत मी, तो आणि माझी धडधड.
दारात सासूबाई. "काऊन वं, येवढी मोठी सारंगी? हिले खायाले काय लागते?" रोहिणखेडचं माहेर सुटून जन्म लोटला, बोली काही सुटली नाही.
घसरतो म्हणून तक्रार केली. त्यांनी चेलोला वरखाली न्याहाळलं, आत गेल्या आणि घागरीखाली डोक्यावर घ्यायची कापडी चुंबळ घेऊन आल्या. सळईचं टोक चुंबळीत, चुंबळीला चिंधी, चिंधी खुर्चीच्या पायाला. जागचा हलला नाही! दोघी टाळ्या पिटत हसलो.

८ फेब्रु., रवि.
मॅडमनी चुंबळ हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "आम्ही पट्टा बांधायचो. हे छान आहे. कुणाचं डोकं?" सासूबाईंचं, म्हटलं. "त्यांना नमस्कार सांग."
बातमी. बुद्धपौर्णिमेला धाड गावात कार्यक्रम. सरांनी नवी धून बांधली आहे. सुरुवातीला चेलो एकटा, बाकी सगळे गप्प. मॅडम म्हणाल्या, वर्षा वाजवेल. सर म्हणाले, "सूर लागला तर. नाहीतर ती ओळ मी व्हायोलिनवर घेतो."
मला ती ओळ पाहिजे. शाळेत, लग्नात, नोकरीत, सगळीकडे मी कुणाच्या तरी मागून चालत आले. एकदा तरी सगळे थांबलेत आणि मी सुरू करतेय, असं झालं पाहिजे. पाहिजे म्हणजे पाहिजे.

५ मार्च, गुरु.
करंगळी वैरीण आहे. त्या ओळीतला सगळ्यात वरचा सूर तिच्या वाट्याला आलाय आणि ती दर वेळी पोचायच्या आधीच टेकते. मॅडम: "डोळ्यानं जागा शोधू नकोस. आधी मनात सूर म्हण, मग बोट टेकव." म्हणते तेव्हा बरोबर, टेकवते तेव्हा...
घरी सासूबाई मटकी निवडत ऐकत बसतात. आजचा अभिप्राय: "कालच्यापेक्षा कमी रडली वं ते."

२२ मार्च, रवि.
सरांनी ती ओळ व्हायोलिनवर वाजवून दाखवली. सहज. सुंदर. राग आला. घरी येऊन स्वयंपाकाच्या आधीच गज हातात घेतला, हे म्हणाले आज खिचडीवर भागवू. शहाणा माणूस.

१२ एप्रिल, रवि.
लागला!! पुन्हा वाजवला. पुन्हा लागला. करंगळी गेली आणि बरोबर जागेवर बसली, अख्खा चेलो छातीशी घुमला. पोरं वाजवायची थांबली. मॅडमनी नुसतं सरांकडे बघितलं.
सर: "ठीक आहे. ओळ तुमची."
रसवंतीवर एकटीनं दोन ग्लास रस प्याले. तिसराही मागवणार होते.

२ मे, शनि.
काल लिहिणं शक्यच नव्हतं. सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर उड्या मारीन.
सासूबाईही निघाल्या. एस.टी.त कंडक्टर चेलोकडे बघून म्हणाला, "हे मानूस हाये का सामान?" सर म्हणाले, कलावंत आहे. मग सासूबाईंनी चेलोला शेजारी बसवलं आणि वाटभर त्याची मान धरून ठेवली. पुढे जीप. उन्हं उतरायच्या आत धाडला पोचलो.
मंडपात तारा जुळवल्या, गज टेकवला. आवाज नाही. दाबून ओढला. नुसता सरकला, तव्यावर तूप सरकावं तसा. केसांकडे पाहिलं तर चकचकीत, आणि वास... खोबऱ्याचा.
"आत्याबाई?" मी सासूबाईंकडे वळले.
"सकाळी तेल लावलं म्या," त्या खुशीत म्हणाल्या. "केस किती भुरभुरीत झालते वं! येवढ्या लोकांत न्यायचं, अन् असे कोरडे केस?"
मॅडमनी डोळे मिटले. दुसरा गज देऊळगावात. सर हळूच म्हणाले, "वर्षाताई, आजच्यापुरती ओळ मी घेतो." चेष्टा नव्हती, कीव होती. तेच सोसेना. मी ओरडलेच, "नाई! मले थोडा वेळ द्या!" मॅडमसमोर मी कधी अशी बोलत नाही.
लोकांच्या घरी सॅम्पल घ्यायला जाते म्हणून पर्समध्ये स्पिरिटच्या पट्ट्या कायमच असतात. पाकिटामागून पाकीट फाडलं. मॅडमनी लाकडाला स्पिरिट लागू नये म्हणून खाली रुमाल धरला आणि मी केस पुसत गेले, वरून खाली, दंडाला सुई टोचण्याआधी पुसते तसे. पोरं वहीनं वारा घालत होती. मग राळ. घासली, घासली, पुन्हा घासली. एव्हाना सासूबाईंना काय झालं ते कळलं होतं. त्या कोपऱ्यात पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघायचं धाडस झालं नाही.
गज टेकवला. खरखरला. पण बोलला!
वंदना झाली. आम्ही बसलो. चुंबळ खुर्चीला बांधली. सगळे गप्प, आणि मी सुरू केलं. आवाज जरा घोगरा होता, घसा बसलेल्या बाईसारखा, आणि खरं सांगते, त्या धुनेला तो शोभला. करंगळीची वेळ आली, मनात सूर म्हटला, टेकवलं. लागला. पुढच्या रांगेतल्या बाया हलायच्या थांबल्या. मग पोरांची व्हायोलिनं मागून आली. माझ्या मागून!
टाळ्या किती वेळ, माहीत नाही. मॅडम मंडपामागे भेटल्या, दुखऱ्या खांद्यानंच जवळ घेतलं. सर म्हणाले, ही ओळ मला आता परत मागता येणार नाही.
येताना सासूबाई पुन्हा चेलोला धरून बसल्या. मी म्हटलं, आत्याबाई, तुमच्या तेलानं आवाजाला वजन आलं. "चाल वं, खोटी!" म्हणाल्या, पण हसल्या. चेलोची मान सोडली नाही.

६ मे, बुध.
मॅडमचा निरोप. धाडला आलेल्या कुणी तरी नागपूरला बोलावलंय, आषाढी पौर्णिमेला. मोठं सभागृह. या वेळी ओळ नाही, अख्खी धून चेलोवर. "तुला जमेल का ते तूच ठरव आणि कळव."
अधिक महिना धरून पावणेतीन महिने. मधला भाग मला येत नाही. तो वाजवायचा तर अंगठा तारेवर टेकवावा लागतो, ते मी अजून शिकलेलीच नाही. जमेल? भीती वाटतेय की आनंद, कळत नाही. मॅडमना अजून काही कळवलेलं नाही. घरी तेवढं सांगितलं.
संध्याकाळी लॅबमधून आले तर सासूबाई ओट्यावर जुनं लुगडं फाडून पीळ देत बसलेल्या. नवी चुंबळ, पहिलीपेक्षा जाड. गजाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "त्याले हात नाई लावला म्या." मग चुंबळ माझ्या मांडीवर ठेवली.
"नागपूरची फरशी लय गुळगुळीत रायते म्हने."