धर्माजीच्या घरचं दळण

१८ मे, शनिवार

पोहोचलो! दोन दिवस मोटारसायकलवर बसून पाठीची फळी झाली आहे, तरी मजेत आहे. सारंग अमरावती सोडल्यापासून गातो आहे. मागे बसून मला ते गाणं फक्त त्याच्या पाठीतून, कंपनासारखं ऐकू येतं, आणि तेवढंच पुरे आहे.

नगरच्या पुढे आणे घाट उतरलो आणि मुलूख बदलला. आमच्याकडे जमीन पसरून असते. इथे ती उठून उभी राहते. आण्यात आमटी-भाकरी खाल्ली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा वाढणारे काका म्हणाले, पावणं, ही तर आमी लेकरांना देतो. सारंगने इरेला पेटून दुसरी वाटी घेतली. त्यानंतर घोडेगावपर्यंत गाणं बंद.

नवी वही आहे. पहिल्या पानावर नाव लिहिलं: अक्षदा इंगोले. फेब्रुवारीत आम्ही नोंदणी करून लग्न केलं. हळद नाही, मांडव नाही, आणि नाव बदलायचं नाही. ही एक अट मी घातली होती. मी वजनकाटे तपासते, कारखान्याच्या ट्रककाट्यापासून सोनाराच्या तराजूपर्यंत. सारंग शाळांसाठी व्हिडिओ करतो. तीन आठवड्यांची रजा आहे. आधी डिंभे धरण, मग जुन्नरची लेणी आणि घाट.

धरणाच्या पाण्याच्या वरच्या बाजूला, सुनील आणि रत्ना यांच्या घरची मागची खोली मिळाली आहे. सुनील मासे धरतो. त्याची आई कोंडाबाई आल्याआल्या चौकशीला बसली: हळद किती दिवस होती, पंगती किती उठल्या. काहीच नव्हतं म्हटल्यावर तिने कपाळाला हात लावला, मंग लगीन झालंच कवा? सारंग पोट धरून हसला. मीही हसले.

१९ मे, रविवार

पाणी मे महिन्यात खूप खाली जातं. मग तळाचं जुनं गाव उघडं पडतं. रत्नाने सकाळी ते पडवीतूनच बोटाने दाखवलं: भेगाळलेल्या गाळात घरांची जोती, एक चिंचेचा बुंधा, आणि अलीकडच्या बाजूला शेंदूर धुऊन गेलेला दगड. ती जुन्या गावाची शीव. लोक वर सरकले, शीव तिथेच राहिली.

आम्ही पाणी आणि थोडा शिधा घेऊन खाली उतरलो. सारंगच्या आईने त्याला बजावलं होतं, नवी नवरी घेऊन कुठल्या गावात शिरलास तर शिवेवर नारळ फोड. नारळ त्याने घोडेगावच्या बाजारातून आणलाच होता. त्याने तो दगडावर फोडला आणि मला चित्रण करायला लावलं.

मग त्याला चेव चढला. एका मोठ्या घराचा दगडी उंबरा शाबूत होता. आत माजघराच्या जागी जातं, अर्धं गाळात. आईला तेवढंच समाधान, असं म्हणत त्याने स्टीलच्या पेल्यात तांदूळ भरले, उंबऱ्यावर ठेवले, आणि मला उजव्या पायाने माप ओलांडायला सांगितलं. उरलेले तांदूळ ताटलीत पसरून त्यात अंगठीने नाव लिहिलं: साळू. मी म्हटलं, नाव बदलायचं नाही ठरलंय. तो म्हणाला, गंमत आहे गं. हेच नाव का, विचारलं तर म्हणाला, सुचलं.

ऊन फार होतं. वाद घालायचा कंटाळा आला. मी माप लवंडलं आणि आत पाऊल टाकलं. जोत्याच्या आत बाहेरच्यापेक्षा गार वाटलं, इतकंच. निघताना सांडलेले तांदूळ उंबऱ्यावर दिसले नाहीत. पाखरांनी खाल्ले असतील, असं तेव्हा वाटलं. पण तिथे पाखरं नव्हती.

२० मे, सोमवार

उठले तेव्हा अंग ठणकत होतं. खांदे, पोटऱ्या, आणि विशेषतः उजवा हात. काल इतकं चाललो नव्हतो. उजव्या तळव्यावर, तर्जनीच्या मुळाशी, फोड आहे. मोटारसायकल मी चालवलेली नाही.

नखांत तपकिरी पीठ होतं. कागदावर काढून वास घेतला. नाचणी. पिशवीतल्या छोट्या काट्यावर ते ठेवलंही. वजन कळून काय होणार होतं कोण जाणे, सवय.

जुन्नरला जायचं ठरलं होतं. सारंग म्हणाला, उद्या. तोही दमलेला आहे, पण त्याला त्याचं काही वाटत नाही. दुपारी मला न सांगता खाली गेला आणि संध्याकाळी कोपरापर्यंत चिखलाने माखून आला. कसली तरी भिंत रचत होता. आज गायला नाही.

२१ मे, मंगळवार

पुन्हा तेच. फोड फुटला आहे. रात्री मी दाराच्या फटीवर आतून चिकटपट्टी लावली होती; ती मात्र सकाळी जशीच्या तशी होती.

भांडी घासू लागले तेव्हा कोंडाबाईने माझा हात पकडून उलटा केला. हा तर खुंट्याचा फोड, म्हणाली. जात्याच्या खुंट्याचा. तिलाही नवी नवरी असताना झाला होता. मग हसून म्हणाली, आता गावात गिरणी हाय, तुला कुठल्या सासूनं जात्यावर बसवली गं? मी रविवारचं सगळं सांगितलं. तिचं हसणं मधेच थांबलं. कुठला उंबरा, दोनदा विचारलं. चिंचेजवळचा म्हटल्यावर तिने पदर तोंडाला लावला.

ते घर धर्माजीचं. धरण झालं तेव्हा त्याच्या लेकाचं लग्न ठरलं होतं. मुलीचं नाव साळू. तिच्या माणसांनी कळवलं, पाण्यात जाणाऱ्या घरी लेक देत न्हाई. सगळं गाव उठलं. धर्माजी, त्याची बायको आणि लेक उठले नाहीत. सून उंबरा वलांडून आल्याबिगर घर सोडायचं न्हाई, एवढंच म्हणत. पाणी चढलं, तेव्हा ते घरातच होते.

ह्यांनी वाट बघितली बघ, कोंडाबाई म्हणाली. आन तू माप वलांडून गेलीस.

मी उठून आले. साळू हे नाव सारंगला इथेच कुणीतरी सांगितलं असणार. विचारलं तर म्हणाला, कोणतं नाव?

आज झोपताना माझं मनगट ओढणीने त्याच्या मनगटाला बांधते आहे. गाठीचा फोटो काढून ठेवला आहे.

२२ मे, बुधवार

गाठ तीच. फोटोशी ताडून पाहिली. ओढणी ओली होती, आणि तिला गाळाचा वास होता.

मी सामान भरलं. सारंग मोटारसायकलवर बसला. घोडेगाव आलं, तहसील कचेरी मागे गेली, मला हायसं वाटलं आणि डोळा लागला. त्याच्या पाठीवर डोकं टेकून झोपले. इतकी गाढ झोप चार दिवसांत मिळाली नव्हती.

जागी झाले ती मोटारसायकल थांबल्यावर. समोर शेंदूर गेलेला दगड. सारंग म्हणाला, घर आलं. मी त्याला हलवलं, ओरडले, रडलेसुद्धा. तो माझ्याकडे दयेने बघत राहिला. मग म्हणाला, दमलीस न्हवं? चल, आई वाट बघती.

त्याची आई अमरावतीला आहे.

मी एकटीच वर चढून रत्नाकडे आले. तो तिथेच राहिला.

२३ मे, गुरुवार

आज उठले ती रत्नाच्या खोलीतच, पण केस ओले, आणि अंगठ्याचं नख गाळाने काळं. रत्ना रात्रभर शेजारी होती. तिला काहीच कळलं नाही, म्हणते.

तिने मला बसमध्ये बसवलं, वाहकाला सांगून. दुपारी मी पुन्हा तिच्या पडवीत. वाहकाने निरोप ठेवला होता: बाई झोपल्या व्हत्या, वळणावर एकदम उठल्या आन म्हनाल्या, थांबवा, माझं घर आलं. मला बस सुटल्याचं आठवतं. पुढचं नाही.

कोंडाबाई चुलीपुढे बसून म्हणाली, सून अशी एकटी शीव वलांडत नसती. नवऱ्यासंगं बी न्हाई. तो तर त्याच घरचा. तिला न्यायला माहेरचा मुराळी यावा लागतो. भाऊ असला तर भाऊ. त्यानं नावानं हाक मारायची, आन तिनं ओ द्यायची. मग सासरच्यांना आडवता येत न्हाई. त्यांनी बी रीत सोडल्याली न्हाई.

एरवी हे मी ऐकून घेतलं असतं आणि विसरले असते. आज लगेच फोन केला. दादाला, म्हणजे ज्ञानेश्वरला. काय झालं ते सांगितलं नाही; ये, एवढंच. तो म्हणाला, आवाज असा का येतोय तुझा? आज दुपारीच निघतो. उद्या जेवायच्या वेळेपर्यंत पोचतो.

त्याने हाक मारायची, मी ओ द्यायची. एवढं जमेल. आणि मी निघाले की घराला सून नाही. मग सारंगलाही तिथे कशाला ठेवतील? दादा आम्हा दोघांना घेऊन जाईल. असं वाटतं. मोजून पाहता येत नाही.

झोपायचं नाही. तोंडाला पाणी लावते आहे. कोंडाबाई कडक चहा करून देते, वर टोमणाही: जागी राहशील, पर हात कुठं ऐकतोय? खरं आहे. लिहिताना उजवा हात मधेच गोल फिरतो. ओळी बघ कशा—

२४ मे, सकाळ

जागी राहिले. तरी पीठ आहे. दोन्ही हातांना.

मी पडवीत बसले होते, कोंडाबाईशी बोलत होते, आणि त्याच वेळी— दोन्ही आठवतं. सूप. ओला काळोख. कुणीतरी पाठीवरून हात फिरवला, सासूबाईंचा असावा. थंड, पण मायेचा. म्हणाल्या, दमलीस तर निज जात्यावरच.

दादाचा मेसेज: आळेफाटा सोडला.

सारंग खाली दिसतो. भिंत छातीएवढी झाली आहे. हाक मारली. त्याने वर पाहिलं नाही. त्या नावाला तो आता—

खाली जायचं नाही. पडवीतच बसायचं. दादा येईपर्यंत. मी अक्षदा. अक्षदा इंगोले. अक्ष

दुपार

दादा घोडेगावला पोचला. आता थोडंच.

फक्त पाणी प्यायला उठले होते. पायाखाली गाळ गार लागला तेव्हा कळलं, की उतरले. वही हातात आहे, बरं झालं. परत चढायला हवं. चढ फार आहे. जरा टेकते. जात्याजवळ सावली आहे.

सुपात थोडीच नाचणी राहिली आहे. अर्धवट टाकून उठणं बरं दिसत नाही—

.

दळण सरत नाही. सूप खाली केलं की भरलेलं. पण हात फिरत असला की झोपेची गरज लागत नाही, हे बरं आहे.

हे भिंतीला लागलेत. मामंजी उंबऱ्यात बसलेत. सांजच्याला पाणी येईल, म्हणतात, त्याआधी उरकायला हवं.

वरच्या रस्त्यावर पांढरी गाडी थांबली. पावणं उतरलंय. रत्ना त्याला हात करून इकडं दावती. तो शिवेच्या दगडापाशी आला. हाक मारतोय. एकच नाव, पुन्हा पुन्हा. लई रडवेला झालाय बिचारा. कुणाची तरी बहीण हरवली असंल.

मामंजी म्हणाले, तिकडं बघू नगं. हात चालव.

नाव वळखीचं वाटतं. कुठंतरी लिवल्यालं व्हतं— ह्याच वहीत, पयल्या पानावर. थांब, बघते. एवढं सूप झालं की बघ