माशाचा काटा आणि माझा हीरो

२ फेब्रुवारी
शाळेतून वर्षभराची बिनपगारी रजा मंजूर. हेडमास्तर म्हणाले, प्रोफे (इथे मास्तरांना हेच म्हणतात), मुलांच्या भूगोलाचं नुकसान होईल हो. चेहऱ्यावर मात्र भलताच आनंद. साहित्यप्रेमी माणूस.
कादंबरी सुरू. प्लॉट जवळजवळ तयार. हीरो फाउस्तिनो: देखणा, बुद्धिमान, शिक्षक, अख्ख्या मगांगे गावाला न समजलेला. (पूर्ण काल्पनिक.) आता त्याच्या आयुष्यात काहीतरी घडायला हवं. तेवढंच राहिलंय.

९ फेब्रुवारी
अजून काही घडलं नाही. फाउस्तिनो मागदालेना नदीकडे बघतोय.
बायकोला वाचून दाखवायला गेलो. नूबिया म्हणाली, भांडी घासायचीत. भांडी घासलेलीच होती. पुन्हा घासली.

१५ फेब्रुवारी
श्रोता मिळाला! सासूबाई, डोन्या एनिल्दा. गुडघे गेलेत, खुर्चीतून उठता येत नाही. आदर्श श्रोता. आज पूर्ण वेळ डोळे मिटून ऐकलं. काय एकाग्रता! मध्ये घोरल्या, पण ते वयामुळे.

२६ फेब्रुवारी
संध्याकाळी सासूबाईंची झुलती खुर्ची वाऱ्यासाठी दारासमोर ठेवतो आम्ही. शेजारणी जमतात. सासूबाई त्यांना माझी कादंबरी सांगतात म्हणे! मी खिडकीतून पाहिलं फक्त. लेखकाने गर्दीत मिसळू नये.

८ मार्च
गर्दी वाढतेय. न्हावी वादीद दुकान सोडून येतो, अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकासकट. कोळणी टोपल्यांसकट. नूबिया तर पहिल्या रांगेत! तिला माझं लेखन आवडतं. तोंडावर सांगायला लाजते.

१४ मार्च
दाढीला गेलो. वादीद म्हणाला, प्रोफे, काय डोकं आहे तुमचं! (खरंय.) विचारलं, फाउस्तिनो कसा वाटला? म्हणाला, कोण फाउस्तिनो? मग आठवलं त्याला. अच्छा, तो होय! तो पहिल्याच दिवशी खपला की. बोकाचिको मासा खाताना घशात काटा अडकून. बायको समोरच बसलेली. तिने आधी स्वतःचं ताट संपवलं, मग शेजाऱ्यांना हाक मारली. काय हसलो आम्ही! आता गोष्ट तिची आणि एका नावाड्याची.
वस्तरा गळ्यावर होता म्हणून गप्प बसलो.

१५ मार्च
सासूबाईंना जाब विचारला. म्हणाल्या, जावईबापू, माणूस जागचा हलेचना. किती वेळ नदीकडे बघत बसवायचा त्याला? लोक उठून जायला लागले. मग वाढला मासा.
मी ओरडलो, अहो, तो मी आहे! (रागात निसटलं.)
म्हणाल्या, ते काय सांगायला हवं?

१६ मार्च
ठणकावलं. घर माझं, खुर्ची माझी. फाउस्तिनो आज जिवंत झाला नाही, तर उद्यापासून खुर्ची मागच्या अंगणात, डुकराशेजारी. नूबिया म्हणाली, अहो, म्हातारीला एवढंच सुख उरलंय. पण कलेत दयामाया नसते. सासूबाई कबूल झाल्या.
संध्याकाळी फाउस्तिनो शवपेटीत उठून बसला आणि बोलायला लागला. गर्दीतून उसासा. एका कोळणीने रडक्या आवाजात विचारलं, परत कधी मरेल? वादीद उठून गेला. लोकांना धक्का बसलाय. मोठ्या साहित्याने बसतोच.

१९ मार्च
कुणी फिरकत नाही. बाजारात पाठीत आंब्याची कोय बसली. वाचक भावनिक झालेत.
सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसतात. जेवत नाहीत. मन रमावं म्हणून मी नवा चॅप्टर वाचून दाखवला. त्या रडल्या. माझ्या लेखनाचा एवढा परिणाम पहिल्यांदाच!

२५ मार्च
नूबियाने आईला वादीदच्या ओसरीवर हलवलं. कोळणींनी खुर्ची खांद्यावर घेतली, मिरवणुकीतल्या मेरीमातेसारखी. मागून नूबिया, स्वतःच्या कपड्यांची बॅग घेऊन. कधी परतशील, विचारलं. गोष्ट संपल्यावर, म्हणाली. कोणती, ते विचारायचं राहिलं.
उत्तम. आता शांतपणे लिहिता येईल.

६ एप्रिल
शांतता जरा जास्तच आहे. फाउस्तिनो नदीकडे बघतोय. मीही. वादीदच्या ओसरीवरून हसण्याचे आवाज येतात. हलकं मनोरंजन चालू असावं.

७ एप्रिल
गेलो. निव्वळ अभ्यास म्हणून. टोपी नाकापर्यंत ओढून पार मागे उभा राहिलो. सासूबाईंचा आवाज खणखणीत. फाउस्तिनोची विधवा गाठोडं घेऊन धक्क्यावर उभी होती, पाणी चढत होतं, नावाडी लांबून काहीतरी ओरडत होता. आईच्या पायाशी नूबिया हसत बसली होती. ती इतकी हसू शकते हे मला ठाऊक नव्हतं.
शेजारी रोज बोटीने गोष्ट ऐकायला येणारी कुणी परगावची बाई होती. तिला वाटलं मी नवखा. माझ्या हातात भाजलेल्या युका कंदाचा तुकडा ठेवत म्हणाली, काळजी करू नका दादा, तुमचं काही चुकलेलं नाही. सुरुवातीला एक नवरा होता. तो दोनदा मेला, एवढंच.
मी म्हटलं, बाई, जरा हळू बोला. नावाडी काय ओरडला ते ऐकू आलं नाही.